बिनखमिराचा चैत

यंदा आमच्या गल्लीतल्या कडुनिंबाला फुलोरा लवकर आलाय. विजेच्या तारांपायी दरवर्षी त्याच्या फांद्या छाटतात आणि दरवर्षी चैतात तो काही झालंच नाही असा फुलून येतो. सकाळी दारात बारक्या पांढऱ्या फुलांचा सडा पडतो. मी झाडू घेऊन बाहेर येते आणि झाडायचं सोडून वास घेत उभी राहते. अमरावतीतल्या माझ्या शेजारणींना या वासाने पाडवा आठवतो. मला आठवते पाडव्यानंतर पंधरा दिवसांनी येणारी पुनव. त्या दिवशी गावोगाव मारुतीचा जन्म होतो आणि बहुतेक साली त्याच पुनवेला आमच्या घरी बिनखमिराच्या भाकरीचा सण बसतो.

आम्ही बेने इस्राएल. म्हणजे ज्यू. म्हणजे शनिवार पाळणारे. हे असं तीन वेळा सांगायची मला सवयच लागली आहे. शाळेत एका वर्षी माझ्या नावापुढे ख्रिश्चन लिहिलं, दुसऱ्या वर्षी मुसलमान, आणि तिसऱ्या वर्षी बाईंनी वैतागून नुसतं ‘इतर’ लिहून टाकलं. मी घरी येऊन भोकाड पसरलं. आई पीठ मळत होती. ती मान वर न करता म्हणाली, “इतर तर इतर. भाजीत मीठसुद्धा इतरच असतं.” त्यानंतर मी त्या शब्दावर कधी रडले नाही. उलट कोणी विचारलं तर जरा ताठ मानेनेच सांगते.

पप्पा पाटबंधारे खात्यात होते. कोकणातून मुंबई, मुंबईहून अकोला, मग काही वर्षं पातूर, असं करत ते वऱ्हाडात आले. रिटायर झाल्यावर सगळ्यांना वाटलं की आता हे ठाण्याला जातील, कारण आमची सगळी माणसं तिकडे, आमची प्रार्थनेची जागा तिकडे. पप्पांनी वलगावजवळ दोन एकर वावर घेतलं आणि भाजी लावली. आई म्हणायची, “जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात पाणी सोडलं, आता स्वतःच्या सोडू दे बिचाऱ्याला.” शेजारचं वावर शांताकाकूंचं. त्या माळ्याच्या, भाजीत मुरलेल्या. पप्पांच्या पहिल्या वर्षाच्या मेथीकडे पाहून त्या म्हणाल्या होत्या, “साहेब, हे मेथी हाये का गवत? मले जरा चष्मा द्या तुमचा.” दुसऱ्या वर्षी त्यांनीच बी दिलं, वाफे कसे धरायचे ते दाखवलं, आणि तिसऱ्या वर्षापासून दोन्ही वावरांची भाजी एकाच गाडीत बाजाराला जाऊ लागली.

आमच्या सणाची गोष्ट साधी आहे. मिसर देशात आमचे लोक गुलाम होते. सुटायची वेळ आली तेव्हा इतकी घाई झाली की कणिक फुगायला वेळ नव्हता, तशीच भाजून घेऊन निघाले. म्हणून आठ दिवस खमीर वर्ज्य. फुगलेलं, आंबलेलं काही घरात ठेवायचं नाही. कोकणातली आमची जुनी माणसं याला अनाशी ढाकायचा सण म्हणत, म्हणजे आंबवणाची बरणी झाकून ठेवायचा सण. शेकडो वर्षं जगापासून तुटून घाण्यावर तेल गाळत राहिलेली माणसं ती. बरणी का झाकायची ते विसरून गेली, पण दरवर्षी वेळेवर झाकत राहिली. मला या गोष्टीचा फार अभिमान वाटतो. कारण माहीत असताना कोणीही पाळेल हो!

आणि आमच्या घरातला सण अगदी हिरवा. ठाण्याला या दिवशी मटणाची पातेली चढतात. वलगावात विधीप्रमाणे बोकड कापणारं कोण असणार? आमच्यात तसा माणूस मुंबईहून आणावा लागतो. तेव्हा आईने पहिल्याच वर्षी ठरवलं की वावरातलं जे आहे त्यावर सण करायचा. मिठाच्या पाण्यात बुडवायला सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर. कडू खायचं असतं त्यासाठी निंबाचा कोवळा पाला. गुलामांनी मळलेल्या चिखलाची आठवण म्हणून खजुराचा शिरा, रव्याचा नव्हे, नुसता आटवलेला खजूर. ताटात भाजलेलं हाड ठेवायची रीत आहे, तिथे आई ठेवायची पऱ्हाटीच्या जाळावर देठासकट भाजलेलं काटेरी वांगं. पऱ्हाटी म्हणजे कापूस वेचून झाल्यावर उरलेली वाळकी झाडं. ती पेटली की तडतडतात, आणि वांग्याची साल करपल्याचा जो वास सुटतो त्यापुढे मटण काय करतंय! मी आता गॅसवर वांगं भाजते. माझी मुलगी फोनवर विचारते, “आई, ओव्हनमध्ये नाही का जमणार?” जमेल ना. पण मग ते नुसतं शिजलेलं वांगं.

आता ज्या सालाची गोष्ट सांगायची आहे तिकडे येते. ते दिवस वऱ्हाडाला वाईट होते. रोज सकाळी पेपर उघडायची भीती वाटायची. कापूस गेलेला, विहिरी तळाला, आणि गावात कॅमेरे घेऊन येणाऱ्या गाड्या. त्या गाड्यांतली माणसं वाळलेल्या वावरांचे फोटो काढायची आणि भाजीच्या हिरव्या वाफ्यांकडे पाठ करून उभी राहायची. मी तेव्हा अमरावतीच्या एका शाळेत नुकती शिकवू लागले होते. बाहेरगावचं कोणी भेटलं की आवाज बारीक करून विचारायचं, “तुमच्याकडे फारच वाईट चाललंय ना?” वाईट चाललं होतं, खोटं कशाला बोलू. पण ती कीव ऐकली की माझं डोकं फिरायचं. आमच्या दुःखाबद्दल आम्ही बोलू, तुम्ही कशाला कुरवाळताय?

अशीच कीव ठाण्याहून फोनवर यायची. एस्तेर आत्या, पप्पांची थोरली बहीण. दर शनिवारी सूर्य मावळला की तिचा फोन. “दावीद, काय उगवतंय तिथे? मातीच मेलीय ती. विकून टाक आणि ये. आमच्याच इमारतीत जागा आहे.” पप्पा आधी हसायचे. त्या हिवाळ्यात हसायचे थांबले. सुगी संपता संपता ते आईला म्हणाले, “सणाला ताईला इथे बोलावू. ती पाहील, आपण बसून बोलू, मग ठरवू.” आई समजली. पप्पा स्वतः होय-नाही म्हणू शकत नव्हते. थोरल्या बहिणीने घर, वावर, ताट पाहून जे म्हटलं असतं त्याला त्यांनी मान डोलावली असती. आईला वलगाव सोडायचं नव्हतं. ती मला म्हणाली, “तिच्याशी वाद घालून कोण जिंकलंय? मी नुसता सण करून दाखवते. सगळा इथल्या मातीतला.”

दरवर्षी बिनखमिराच्या भाकरी मुंबईहून पार्सलने यायच्या, कागदासारख्या, बिस्किटासारख्या कडक. त्या वर्षी आईने कळवलं की पाठवू नका. तिला घरच्या गव्हाच्या करायच्या होत्या. आता हा गहू साधा चालत नाही. कापल्यापासून त्याला पाण्याचा थेंब लागता कामा नये. शांताकाकूंच्या बांधालगत गव्हाची एक पट्टी होती, ती आईने आधीच सांगून ठेवली. आणि नेमका फाल्गुनात गारांचा पाऊस! मी अमरावतीत होते, खिडकीशी उभी राहून नुसती चडफडत होते. नंतर कळलं की आभाळ काळं झालेलं पाहून काकूंनी आपलं सगळं सोडून आधी आमच्या गव्हाच्या पेंढ्या उचलल्या आणि घरात नेऊन पलंगाखाली रचल्या. त्यांचा स्वतःचा हरभरा भिजला. आई कशीनुशी झाली तर म्हणाल्या, “हरभरा काय, वाळवून खाता येते. तुमच्या देवाच्या गव्हाले पानी नाही लागू देलं मी.”

तो गहू पाखडून, निवडून, गिरणीत गेला. गिरणीवाले रहेमानचाचा. आईने त्यांना सांगितलं होतं की जात्यात जुनं पीठ राहायला नको. त्यांनी गिरणी अर्धा दिवस बंद ठेवली, जात्याचा वरचा दगड उचलला, ब्रशने कोपरा न् कोपरा झाडला आणि आईला आत बोलावून दाखवलं. “देख लो भाभी, अब तो मेरी गिरणीसुद्धा रोजेपर हाय.” वर शिऱ्यासाठी खजुराचा पुडा दिला. पायलीभर गव्हातून पाखडून निवडून निम्मंच उरलं होतं, पण पीठ काय सोन्यासारखं! आईने डब्याला फडकं बांधलं आणि ते मोरीपासून लांब, उंच फळीवर ठेवलं.

आत्या आदल्या दिवशी आली, मीही शाळेतून रजा काढून घरी आले होते. बसमधून उतरल्या उतरल्या म्हणाली, “बाई गं, काय हे ऊन!” जसं ठाण्याला चंद्रच उगवतो. घरभर फिरली, फडताळं उघडून पाहिली, कोपऱ्यात पावाचा तुकडा तर राहिला नाही ना म्हणून बोट फिरवलं. काही सापडलं नाही. मग ताटाची मांडणी पाहिली. “हाडाच्या जागी वांगं? रिबका, अगं थट्टा आहे का ही?” आई शांतपणे म्हणाली, “वन्सं, बोकड कापणारा नाही इथे. जे प्रामाणिकपणे आहे ते ठेवलंय.” आत्याच्या समाधानासाठी एक अंडं तेवढं उकडून ठेवलं. पप्पा ओट्यावर बसून पेपरची एकच घडी पुन्हा पुन्हा घालत होते.

सणाच्या दिवशी दुपारी भाकरी भाजायच्या होत्या. यात एकच नियम आणि तो फार कडक. पिठाला पाणी लागल्यापासून अठरा मिनिटांत भाकरी तव्यावरून उतरली पाहिजे. जास्त वेळ झाला की कणकेला खमीर चढलं म्हणून समजायचं, मग ती आपल्याला वर्ज्य. आईने सगळं पीठ परातीत काढलं, लावायची पिठी तेवढी एका वाटीत बाजूला ठेवली आणि आंघोळीला गेली. आत्या माजघरात आडवी झाली होती. मी चुलीपाशी मेथी निवडत बसले होते. तेवढ्यात शांताकाकू आल्या. पहाटे मारुतीचा जन्म आटोपून, पारावर रोडग्यांची तयारी लावून, खास आम्हाला मदत करायला. रोडगे म्हणजे गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेले कणकेचे गोळे, आमच्याकडे त्यांच्याशिवाय पंगत नाही.

परात पाहून काकूंनी बाह्या सावरल्या. पाणी घेतलं, चिमूटभर मीठ टाकलं, वर तेलाचा हात फिरवला आणि दहा मिनिटांत अशी कणिक मळली की पाहत राहावं. मग ओलं फडकं झाकलं. माझ्या डोळ्यांदेखत! आणि मी, या घरात जन्मलेली, मेथीची देठं तोडत गप्पा मारत बसले. कारण कणिक मळली की झाकून ठेवायची हे माझ्याही हाताला इतकं ठाऊक होतं की त्यात काही चुकतंय हे डोक्यातच आलं नाही. जगातली कुठलीही चांगली सुगरण हेच करते. कणिक मुरली की पोळी मऊ.

आई केस पुसत आली. फडक्याकडे पाहिलं. काकू हसून म्हणाल्या, “मस्त मुरली पाहा रिबकाबाई. अर्धा घंटा झाला. आता कशी लोन्यासारखी पोळी होते तुमची.”

आई खाली बसली. फडकं उचलून कणकेत बोट दाबून पाहिलं. आत्या उठून दारात येऊन उभी राहिली होती. तिने एक नजर टाकली आणि म्हणाली, “झालं. गेलं सगळं. दावीद, ये रे इकडे, बघ. म्हणून म्हणते मी, आपला सण आपल्या माणसांत करावा.” पप्पा आले, परातीकडे पाहून तसेच परत ओट्यावर गेले. ते त्यांचं जाणं मला अजून दिसतं. मला वाटलं, संपलं. आता शेत जाणार.

काकूंना काही कळेना. “काय झालं व माय? काहून अशा गप झाल्या? मीठ जास्त झालं काय?” मी रडत रडत सांगितलं. गारांत उचललेला गहू, पलंगाखालच्या पेंढ्या, सगळं त्यांच्याच हाताने गेलं होतं. त्या कपाळावर हात मारून म्हणाल्या, “हे माह्या हातानं झालं? आग लागो माह्या हाताले.”

तेव्हा आई उठली. माझ्या आईचा आवाज कधी चढत नसे, तेव्हाही चढला नाही. “हाताला काही बोलायचं नाही. कणिक फुकट गेलेली नाही, आमची गेलीय. ही आत्ताच्या आत्ता पारावर न्या, मारुतीचे रोडगे होतील. घरात क्षणभर ठेवायची नाही मला. आणि तिकडून धावत परत या.” काकू परात डोक्यावर घेऊन अक्षरशः पळत गेल्या. आईने वाटीतली पिठी पुढे ओढली. ताटात तीन भाकरी लागतात. तळहाताएवढ्या तीन होतील, एवढीच पिठी. ती चुलीवर तवा चढवत असताना काकू धापा टाकत दारात आल्या आणि उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

“आत या. तुम्ही थापायच्या,” आई म्हणाली.

आत्या भडकली. “परत तिच्याच हातून? रिबका, तुला झालंय काय? एवढंच उरलंय!”

“एवढंच उरलंय म्हणूनच तिच्या हातून. वन्सं, या गावात हिच्याइतका चपळ हात नाही. गहू हिने राखलाय, भाकरी हीच थापेल. तुम्हाला काळजी आहे ना? मग तुमचं घड्याळ काढा आणि इथे माझ्याजवळ बसा.”

नणंदेला असं सांगताना मी आईला आयुष्यात पहिल्यांदा पाहत होते. आत्या बसली! मनगट डोळ्यांपुढे धरलं. आईने पाणी ओतलं, आत्या म्हणाली, “चालू.” काकूंनी मीठ नाही, तेल नाही, नुसती पिठी आवळली, ज्वारीच्या भाकरीसारखी हातावरच थापली, मी काट्याने टोचली, आईने तव्यावर टाकली. एक. काकूंच्या कपाळावरून घाम टपकणार तोच आत्याने स्वतःच्या पदराने टिपला आणि खेकसली, “पाणी पडेल त्यात, शहाणे!” दोन. जाळ कमी पडला तर पप्पाच पऱ्हाटीचा भारा घेऊन आत आले आणि चुलीत सारत बसले. तीन. शेवटची भाकरी तव्यावरून उतरली तसं आत्याने मनगट खाली केलं.

“अकरा,” आत्या म्हणाली. “अकरा मिनिटं.” मग तिने एक भाकरी उचलली, चटका बसला तरी सोडली नाही, उलटसुलट करून पाहिली. कडा वेड्यावाकड्या, मध्ये काळे डाग. ठाण्याच्या त्या कागदी भाकरींपुढे ती गावंढळच दिसत होती. मला तिच्याइतकी देखणी भाकरी नंतर कुठेच दिसली नाही.

संध्याकाळी चंद्र वर आला तसे आम्ही बसलो. पारावर पंगत चालू होती, तिथल्या भोंग्याचा आवाज येत होता. काकू घरी जायला निघाल्या तर आईने हात धरून बसवलं. शेवग्याच्या शेंगांची आमटी, मेथी, वांग्याची रस्सा भाजी, भात, काळ्या मनुकांचं शरबत. आत्याने प्रत्येक भाजीच्या पातेल्याचं झाकण उचलून पाहिलं आणि दर वेळी विचारलं, “हे कुठलं?” आणि दर वेळी मी छाती काढून सांगितलं, “वावरातलं.” पप्पांनी सणाच्या प्रार्थनेचं पुस्तक उघडलं. सुरुवातीलाच भाकरी उंच धरून म्हणायचं असतं की ही गरिबीची भाकरी आहे, जो भुकेला असेल त्याने यावं आणि आमच्याबरोबर जेवावं. आणि त्यालाच जोडून, यंदा आपण इथे आहोत, पुढच्या वर्षी इस्राएलच्या भूमीत असू. आम्ही सगळ्यांनी मिळून ते मराठीत म्हटलं.

काकू सरळ होऊन बसल्या. “म्हंजे ठरलं काय तुमचं?”

“काय ठरलं?” आईने विचारलं.

“जायाचं. आता सगळे एका तोंडानं म्हनले नं, पुढच्या साली तिकडं.”

कोणी हसलं नाही. आत्याने पप्पांकडे पाहिलं, आईने ताटाकडे. पप्पांनी भाकरी खाली ठेवली. “शांताबाई, हे आमचे बापजादे शेकडो वर्षं म्हणत आलेत. हे म्हणायचं असतं.”

“म्हनायचं असते ते झालं. तुमचं काय ते सांगा, साहेब. मले खरं आयकू द्या.”

आमची विहीर त्यांच्याशी सामाईक होती. एक दिवस पाणी त्यांच्या वावराला, एक दिवस आमच्या. पप्पांनी चष्मा काढून पुस्तकावर ठेवला. मग म्हणाले, “उद्या पाण्याची पाळी माझी आहे. परवा तुमची. तेरवा परत माझी.” थांबले, आत्याकडे वळले. “ताई, पुढच्या चैतातही अशीच राहील. मी वावर विकत नाही.”

आत्या उत्तर देईल म्हणून मी तिच्याकडे पाहत राहिले. तेवढ्यात आईने पप्पांनी खाली ठेवलेली भाकरी उचलली. ती रडत होती आणि ते लपवतही नव्हती. मानाप्रमाणे पहिला तुकडा थोरल्या नणंदेचा. आईने तो मोडला आणि शांताकाकूंच्या हातावर ठेवला. आत्याने आपला हात पुढे केला आणि दुसऱ्या तुकड्याची वाट पाहत बसली.